आईच्या मानेचं ऑपरेशन: सर्जनला पाच स्टार, बिलिंगला एक (तोही लिफ्टमनमुळे)

हॉस्पिटल पुण्यातलं, नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

आई ६७ वर्षांची, शुगर आहे. आधी तिला वाती वळता येईनात, मग साडीची पिन लागेना, आणि नंतर डाव्या पायातली चप्पल मागे राहायची, ही चार पावलं पुढे गेली तरी हिला पत्ता नाही. मान अजिबात दुखत नव्हती त्यामुळे मानेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. एका डॉक्टरांनी शुगरने नसा कमजोर झाल्यात म्हणून सहा महिने बी-१२ दिलं, दुसऱ्यांनी मनगटातली नस दबलीये म्हणून पट्टा दिला. मावशीने मालिशवाला सुचवला होता, नशीब गेलो नाही.

इथल्या सर्जननी फाइल बाजूला ठेवून आधी आईला बघितलं. दहा सेकंदात मूठ किती वेळा उघडमीट होते ते मोजलं, वीसेक वेळा व्हायला पाहिजे, आईची अकरा. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली तर अंगठा आपोआप आत वळला. एका रेषेत चाल म्हणाले तर मलाच धरायला धावावं लागलं. म्हणाले हातात काही नाही, मानेत स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) दबलाय. एमआरआयमध्ये तेच निघालं, आणि सीटी केल्यावर कळलं की मणक्यांच्या मागून, कॉर्डच्या पुढून जो पट्टा जातो तोच हाडासारखा टणक झालाय. ओपीएलएल म्हणतात त्याला, जपानमध्ये बराच आढळतो म्हणे, आपल्याकडेही असतो.

ऑपरेशन लॅमिनोप्लास्टी. मानेच्या मागून जाऊन मणक्याची कमान एका बाजूने कापायची, दुसऱ्या बाजूला बिजागरी ठेवायची आणि दार किलकिलं करावं तशी उघडून छोट्या टायटॅनियम प्लेटा लावायच्या, म्हणजे कॉर्डला मागे सरकायला जागा होते. ही पद्धतही जपानचीच, १९७७ च्या आसपासची. पुढून का नाही विचारलं तर म्हणाले मानेत चार ठिकाणी दाब आहे, तो टणक पट्टा कॉर्डच्या आवरणाला चिकटलेला असू शकतो, पुढून खरवडताना आवरण फाटायची भीती, आणि मानेचा बाक अजून चांगला आहे म्हणून मागून जमेल. बाक बिघडलेला असता तर हे ऑपरेशन चाललं नसतं.

पण पाच स्टार कशाचे तर त्यांनी आईच्या तोंडावर सांगितलं, "आजी, हे ऑपरेशन पुढचं बिघडणं थांबवायला आहे. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही." शंभरात पाचेक जणांना नंतर खांदा उचलायला जड जातो, बहुतेकांचा सुधारतो पण महिने लागतात, हे पण आधीच सांगितलं. आईचा उजवा हात खरंच तिसऱ्या दिवशी वर जाईना, पण आम्ही घाबरलो नाही कारण माहीत होतं. (खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो, आई नाही.) फिजिओवाली मुलगी तर सोन्यासारखी, आईला कणीक मळायला लावायची.

आता बिलिंग. प्लेटांचे पैसे एस्टिमेटमध्ये धरलेच नव्हते, ते डिस्चार्जच्या दिवशी कळलं. कॅशलेसचं अप्रूव्हल येईपर्यंत सकाळी दहापासून संध्याकाळी साडेसात, तेवढा वेळ मानेला टाके घातलेली बाई खुर्चीत, कारण बेड दुसऱ्या पेशंटला दिला होता. काउंटरवरचा माणूस मान वर करून बघत पण नव्हता. शेवटी लिफ्टमनने कुठूनतरी उशी आणून दिली.

आज पाच महिने झाले. चप्पल पायात राहते, बाथरूमला धावपळ व्हायची ती थांबली, खांदा जवळपास सुधारला. बोटांचा बधिरपणा आहे तसाच आहे. पिन मीच लावून देतो, आणि दोनदा टोचलीये तिला.

जाणार असाल तर एमआरआयच्या फिल्म घेऊन जा, सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.