बॉनेटवरचा आकडा पाहून घेतलेला ट्रॅक्टर

चोपडा तालुक्यात आमची 11 एकर काळी जमीन आहे. त्यातल्या 7 एकरांत कापूस आणि उरलेल्या जमिनीत केळी असते. बैलजोडी विकल्यापासून मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेत होतो, परंतु पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) निघाल्या की साऱ्या गावाला एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो आणि आमचा नंबर नेहमी शेवटी लागे. म्हणून गेल्या वर्षी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी जुना ट्रॅक्टर घेण्याचे ठरवले. थोरल्या भावाचा 6 फुटी, 42 पात्यांचा रोटाव्हेटर (ट्रॅक्टरच्या मागे जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) घरात पडून होता आणि आमच्या जमिनीत तो चालवायला 45 ते 50 एचपीचे इंजिन लागेल, असा माझा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. चूक पुढे झाली.

जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका दलालाने दाखवलेल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर 47 एचपीच्या मॉडेलचे ठळक स्टिकर होते, रंग ताजा होता आणि मीटर इंजिन 2,900 तास चालल्याचे दाखवत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. 'दादा, आत्ताच एक गिऱ्हाईक बघून गेलं,' असे त्याने सांगितले आणि मी ते मानले. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते आणि उठताना किती व कोणत्या रंगाचा धूर सोडते, हे मला पाहू द्यायचेच नव्हते, हे फार उशिरा लक्षात आले. चाचणीही त्याच्याच आवारात, मोकळ्या मातीत, मागे काहीही न जोडता झाली. आरसी बुकाची अस्पष्ट झेरॉक्स दाखवून 'मूळ कागद बँकेत आहेत, नावावर करताना मिळतील' असे तो म्हणाला. 4 लाख 20 हजारांत सौदा ठरला, विसार त्याच दिवशी आणि उरलेली रक्कम आठवडाभरात दिली.

पहिल्याच दिवशी शेतात रोटाव्हेटर टाकला, तर 5 इंच खोलीवर इंजिनचा आवाज बसू लागला आणि बांधापर्यंत पोहोचेतो दोनदा ते बंद पडले. डिझेल फिल्टर बदलला, नोझल तपासले, काही फरक पडला नाही. शेवटी गावच्या मिस्त्रीने इंजिनवरच्या पट्टीवरचा रंग खरवडून क्रमांक वाचला आणि कंपनीच्या शोरूममध्ये विचारले; ते इंजिन 39 एचपीच्या मॉडेलचे निघाले. दोन्ही मॉडेलांचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि बॉनेटही सारखेच, त्यामुळे फसवायला एक स्टिकर पुरेसे होते. शिवाय इंजिनची सगळी शक्ती पीटीओपर्यंत, म्हणजे मागचे अवजार फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचत नाही, गिअरमध्ये साधारण दहा-पंधरा टक्के जाते. म्हणजे रोटाव्हेटरला जेमतेम 34 एचपी मिळत होते.

मिस्त्रीने आणखी काही गोष्टी दाखवल्या. मागच्या हूकमधले पिनचे छिद्र गोल न राहता लांबट झाले होते आणि क्लच पेडलचे रबर पार गुळगुळीत होते. ट्रॅक्टरने शेतापेक्षा ट्रॉलीच जास्त ओढली होती, हे उघड होते. 2,900 तासांत एवढी झीज होत नाही. ऑइल भरण्याचे झाकण चालू इंजिनवर उघडले, तर धूर भसाभस बाहेर येत होता, म्हणजे पिस्टन रिंगा गेलेल्या होत्या. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद केले की ते पाच मिनिटांत खाली बसत होते. हे सारे कोणालाही अर्ध्या तासात बघता येते आणि मी मात्र रंग पाहत बसलो होतो.

दलालाकडे गेलो, तर त्याने करार पुढे केला. त्यात गाडीचा क्रमांक, रक्कम आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द होते. एचपी कुठेही लिहिलेला नव्हता. मूळ आरसी हाती आले तेव्हा त्यावर अश्वशक्ती स्वच्छ छापलेली होती आणि बँकेचा बोजाही होता. ट्रॅक्टर नावावर करायला 29 व 30 क्रमांकाचे फॉर्म पुरत नाहीत; आधी बँकेचे ना-हरकत पत्र आणि 35 क्रमांकाचा फॉर्म देऊन बोजा उतरवावा लागतो. आधीच्या मालकाचे हप्ते थकलेले असल्यामुळे ते पत्र मिळायला चार महिने गेले. सौद्याआधी वाहन क्रमांकावरून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहिले असते, तर बोजा तिथेच दिसला असता.

सर्वांत जास्त खटकते ते निराळेच. आमच्या 11 एकरांना 39 एचपीचा ट्रॅक्टर आणि 5 फुटी रोटाव्हेटर पुरेसा होता. केळीत 5 बाय 5 फुटांवर लागवड असल्याने तिथे मोठा ट्रॅक्टर तसाही शिरत नाही, त्या कामाला मिनी ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा लागतो. दलालाने खरा एचपी आणि खरी किंमत सांगितली असती, तर कदाचित हाच ट्रॅक्टर मी राजीखुशीने घेतला असता. आता रिंगा आणि क्लच प्लेट बदलून, भावाचा 6 फुटी रोटाव्हेटर विकून, 5 फुटी जोडला आहे आणि दुरुस्तीसाठी उसने घेतलेले 65 हजार अजून फिटायचे आहेत.