प्रती मागवायच्या की फाईलच बघायची? माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याआधी

माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलं की ‘साक्षांकित प्रती मिळाव्यात’ हे शब्द हाताला आपोआप येतात. दुसरा मार्ग कायद्यातच आहे: कार्यालयात जायचं, मूळ फाईल समोर घ्यायची आणि वाचायची. २००५च्या कायद्याच्या कलम २ मध्ये या अधिकाराची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात पाहणीचा उल्लेख प्रतींच्याही आधी येतो. तरी माझ्या ओळखीतले बहुतेक जण प्रतीच मागतात. मी दोन्ही करून बघितलंय, त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

प्रतींची बाजू आधी, कारण ती कमजोर मुळीच नाही. कागद हातात येतो, त्यावर शिक्का असतो, उद्या कोर्टात किंवा माहिती आयोगापुढे तोच चालतो. ‘मी पाहिलं होतं’ याला तिथे कुणी विचारत नाही. शिवाय रजा काढावी लागत नाही. कार्यालय दोनशे किलोमीटरवर असेल तर पाहणीचा विचारही करू नये. आणि कोणता कागद हवा हे नेमकं ठाऊक असेल, म्हणजे अमुक तारखेचा आदेश, अमुक ठराव, तर सरळ प्रत मागा. त्यासाठी फाईल उलगडत बसण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती कागद नेमका ठाऊक नसतो तेव्हा.

आमच्या भागातला एक रस्ता नवा केल्यावर पुढच्याच पावसाळ्यात उखडला. मी संबंधित स्थानिक संस्थेकडे अर्ज केला आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि देयकं यांच्या प्रती मागितल्या. मुदत संपत आली तेव्हा शुल्काचं पत्र आलं. (ते पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांत धरत नाहीत, हे ठाऊक नसलेले लोक इथेच वैतागतात.) पैसे भरले, गठ्ठा आला. मागितलेलं सगळं त्यात होतं, प्रत्येक पानावर शिक्का होता, आणि वाचून काहीही कळत नव्हतं. अंदाजपत्रक बरोबर, मोजमापं बरोबर, देयक बरोबर. रस्ता तेवढा चूक.

मग पानांच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे लक्ष गेलं. फाईलला पृष्ठांकन केलेलं होतं, आणि माझ्या गठ्ठ्यात १४ नंतर एकदम २२ होता. पुढे आणखी दोन ठिकाणी तसंच. मधली पानं कसली, हे मला कळायला मार्गच नव्हता. कुणी ती दडवली असंही म्हणता येईना, कारण मी यादी दिली होती आणि लिपिकाने यादीबरहुकूम झेरॉक्स काढल्या होत्या. त्याचं काम चोख होतं. पण माझ्या यादीत नसलेल्या कागदांची नावं मी आणणार कुठून?

ही एकच कटकट माझ्यासाठी निर्णायक ठरली. प्रती मागणाऱ्याला फाईलमध्ये काय आहे ते आधीच माहीत असावं लागतं. ‘सर्व कागदपत्रांच्या प्रती द्या’ असं लिहिलं तर ‘मागणी मोघम आहे’ असं उत्तर येतं, आणि प्रश्न विचारले तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं. दुसऱ्या उत्तराला थोडा आधारही आहे. उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, पण त्याच निकालात हेही म्हटलं की जी माहिती अभिलेखात नाही ती जुळवून, तयार करून देण्याचं बंधन कार्यालयावर नाही. म्हणजे जुळवाजुळव आपणच करायची. ती करायची तर सगळे कागद एकत्र बघायला नकोत का?

त्याच कामाच्या फाईलची मग मी पाहणी मागितली. सरकारी फाईलला दोन अंगं असतात: टिपणी, म्हणजे कर्मचारी-अधिकाऱ्यांनी त्या विषयावर आपसात लिहिलेले शेरे आणि मतं, आणि पत्रव्यवहार. प्रती मागणारे आपण सगळे पत्रव्यवहाराच्या अंगात अडकतो, कारण आदेश आणि देयकं तिथे असतात. निर्णय मात्र टिपणीत घडतो. माझ्या गठ्ठ्यातल्या मोकळ्या जागा तिथल्याच काही गोष्टींनी भरल्या. कनिष्ठ अभियंत्याने थराची जाडी कमी भरल्याचं आणि देयकातून वजावट करावी असं लिहिलं होतं. समासात वरच्या कुणीतरी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला होता. पुढच्या टिपणीत वजावटीचा उल्लेख नाही. मी याहून जास्त काही म्हणत नाही. चर्चेत काय झालं ते फाईलमध्ये नाही. पण मला कोणती पानं हवीत हे पहिल्या तासाभरातच कळलं. तेवढ्याच पानांच्या साक्षांकित प्रती मागितल्या. मोठ्या गठ्ठ्यातून जे कळलं नव्हतं ते या मूठभर पानांतून कळलं.

पैशाचा मुद्दा मी बाजूलाच ठेवतो. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये. पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे किरकोळ शुल्क. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. यावरून कुणी निवड करू नये.

पाहणीचा जाच वेगळ्या प्रकारचा आहे, आणि तो कमी लेखू नका. कामाच्या दिवशी जावं लागतं. ठरल्या वेळी पोहोचावं तर लिपिक रजेवर, फाईल साहेबांच्या टेबलावर आणि साहेब बैठकीला. म्हणून पाहणीची तारीख आणि वेळ लेखी घ्या, फोनवरच्या ‘या कधीही’वर विसंबू नका. पेन्सिल न्या, २०१२ च्या नियमदुरुस्तीपासून महाराष्ट्रात पाहणीच्या वेळी पेन चालत नाही. आणि निघण्याआधी काय पाहिलं, कोणत्या पानांच्या प्रती मागितल्या, हे कागदावर लिहून पोच घ्या. नाहीतर पुढच्या खेपेला तीच फाईल थोडी बारीक झालेली दिसली, तर म्हणायला काही उरत नाही.

एक गोष्ट मात्र खरोखर विचार करण्यासारखी आहे. टपालाने अर्ज करणारा हा एक नाव आणि पत्ता असतो. पाहणीला जाणारा हा चेहरा असतो. गाव लहान असेल, ठेकेदार ओळखीचा असेल, तर समोर जाऊन बसणं सगळ्यांना परवडत नाही. अशा वेळी प्रतींचा धीमा मार्गच बरा, यात मला शंका नाही. एकटं जाणं तर मी तरी टाळतो.

अधिकारी स्वतःच पाहणी सुचवतात तेव्हा काय करायचं? ‘माहिती विस्तृत असल्याने कार्यालयात येऊन अवलोकन करावे’ असं पत्र आलं की लोक चिडून थेट अपिलात जातात. लांबच्या अर्जदाराला असं बोलावणं ही वाटेला लावायची युक्ती असू शकते, हे मान्य. पण कार्यालय जवळ असेल तर मी म्हणेन, जा. संपूर्ण फाईल दाखवायची लेखी तयारी त्यांनीच दिली आहे, याहून चांगलं उत्तर प्रतींच्या अर्जाला क्वचितच मिळतं.

जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तर अर्जाचीही गरज नसलेली सोय आहे. पुणे महापालिकेत रुळलेली पद्धत राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये शासन निर्णय काढून इतरत्र नेली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले. सगळीकडे ती सारख्याच उत्साहाने पाळली जाते असा माझा दावा नाही. काही ठिकाणी शासन निर्णयाची प्रत दाखवावी लागते, म्हणून ती पिशवीत असू द्या.

अर्ज करणारच असाल तर दोन्ही एकाच अर्जात बसवता येतं, आणि मी हल्ली तसंच करतो. राज्याच्या नियमांनुसार विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत हवा, त्यात हे सहज मावतं: ‘अमुक कामाच्या संपूर्ण संचिकेचे, टिपणी भागासह, अवलोकन करावयाचे आहे. अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ ‘टिपणी भागासह’ हे शब्द गाळू नका, त्यांच्यावाचून पत्रव्यवहाराची अर्धी फाईल पुढे येऊ शकते. पाहणी नाकारली, तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करा आणि त्यात कलम २ मधली व्याख्या जशीच्या तशी उतरवा. एखादा कागद खरोखरच देण्याजोगा नसेल, तर तेवढा भाग वगळून बाकीची फाईल दाखवण्याची तरतूद कलम १० मध्ये आहे. तिचाही उल्लेख त्याच अपिलात करून ठेवा.