थॉमस सोवेल यांचं आरक्षणावरचं पुस्तक, राखीव जागेवर लागलेल्या माणसानं वाचलेलं

आमच्या जुन्या बँक सहकाऱ्यांच्या ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक फोटो फिरतो. चष्मा लावलेले एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ, खाली आरक्षणाविरुद्ध एक वाक्य आणि वर पाठवणाऱ्याची ओळ : "बघा, त्यांच्यातलाच माणूस सांगतोय." मी सदतीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. १९८७ साली अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर लागलो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. त्या फोटोखाली काय लिहावं हे मला कधी सुचलं नाही. एका वाक्यावरून भांडण्यापेक्षा त्या माणसाचं अख्खं पुस्तक वाचावं म्हणून मी 'अफर्मेटिव्ह ॲक्शन अराउंड द वर्ल्ड' मागवलं. येल विद्यापीठाच्या प्रकाशनानं २००४ साली काढलेलं, जेमतेम अडीचशे पानांचं पुस्तक आहे. इंग्रजी साधं आहे, समीकरणं नाहीत. दोनदा वाचून झालं, भारतावरचं प्रकरण तीनदा.

आधी लेखकाबद्दल थोडं, कारण फोटो पाठवणाऱ्यांना ते माहीत नसतं. थॉमस सोवेल १९३० साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मले. वडील जन्माआधीच वारले, एका चुलत आजीनं त्यांना वाढवलं, पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. शाळा अर्धवट सुटली. मग मरीन दलातली नोकरी, हॉवर्ड विद्यापीठात रात्रीचे वर्ग, १९५८ साली हार्वर्डची पदवी, कोलंबियात एम.ए. आणि १९६८ मध्ये शिकागोची पीएच.डी. तरुणपणी ते मार्क्सवादी होते. १९६० च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या कामगार खात्यात उमेदवारी करत होते. पोर्तो रिकोच्या साखर उद्योगात रोजगार का घटतोय हा त्यांच्यापुढचा प्रश्न. किमान वेतनामुळे की वादळानं ऊस आडवा केल्यामुळे? सोवेल म्हणाले, वादळाआधी शेतात किती ऊस उभा होता ते मोजलं की उत्तर मिळेल. खात्यातले लोक गप्प झाले. ते मोजण्यात कुणालाच रस नव्हता, कारण किमान वेतनाची अंमलबजावणी हेच खात्याचं मोठं काम होतं. सोवेल यांची दिशा तिथे बदलली, आणि १९८० पासून ते स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेत आहेत.

त्या उभ्या उसाची गोष्ट मला फार आवडते. हे पुस्तकही तोच प्रश्न विचारतं. धोरणाचा हेतू काय होता ते बाजूला ठेवा, प्रत्यक्षात कुणाच्या हाती काय पडलं ते मोजा. भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका असे पाच देश त्यांनी या एका प्रश्नाने तपासले आहेत.

भारताच्या प्रकरणात एक आकडा आहे, त्यानं मला रात्रभर झोप लागू दिली नाही. हरियाणात अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्त्यांपैकी पदवीच्या पातळीवरच्या ८० टक्के आणि पदव्युत्तर पातळीवरच्या ६५ टक्के एकट्या चर्मकार समाजाकडे गेल्या होत्या, आणि ३७ पैकी १८ जातींना एकही मिळाली नव्हती. सोवेल यांचं म्हणणं असं, की राखीव जागा घ्यायलासुद्धा आधी काहीतरी हाती असावं लागतं : वसतिगृहाचे पैसे, बारावीपर्यंत टिकून राहण्याइतकं घर. मागासांमध्ये जे थोडे पुढे असतात तेच बहुतेक सगळं घेऊन जातात.

हे वाचून मी कपाट उघडलं. नोकरीत असताना आमच्या अनुसूचित जाती-जमाती कर्मचारी संघटनेचा मी काही वर्षं कार्यवाह होतो. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुणासाठी राखीव याचा तक्ता, बघायची, अनुशेषाचा, म्हणजे न भरलेल्या राखीव जागांचा, पाठपुरावा करायचा, कुणाचं जात वैधता प्रमाणपत्र अडलं तर खेटे घालायचे, ही कामं आम्ही निष्ठेनं केली. सभासदांची जुनी वही अजून माझ्याकडे आहे. ती घेऊन बसलो आणि नावं मोजली. जवळपास सगळे आम्ही, म्हणजे पूर्वाश्रमीचे महार, आजचे बौद्ध. चर्मकार काही. मातंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मेहतर समाजाचं एकही नाव नाही. आमच्या शाखेत झाडू मारायला येणारी बाई मात्र त्याच समाजाची होती, आणि तिचा मुलगाही पुढे तेच काम करू लागला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि १३ टक्के जागा. मातंग बांधव किती वर्षांपासून अबकड वर्गीकरण, म्हणजे या राखीव जागांची जातगटांप्रमाणे अ, ब, क, ड अशी वाटणी, मागताहेत, आणि आमच्यातले अनेकजण त्यावर 'फूट पाडण्याचा डाव' म्हणून शिक्का मारून मोकळे होतात. मीही बैठकांमध्ये तेच म्हटलं आहे. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक अशा मतानं पोटवर्गीकरणाला मुभा दिली. ती बातमी मी तेव्हा कपाळावर आठ्या घालून वाचली होती. आता वाटतं, आमच्या संघटनेनं ही वही वीस वर्षांपूर्वीच मोजायला हवी होती. सोवेल यांचे याबद्दल मी मनापासून आभार मानतो.

आता जिथे पुस्तक मला पटलं नाही, तिथे येतो.

सोवेल यांचा बाजारावर मोठा विश्वास. भेदभाव करणाऱ्याला बाजारात तोटा होतो, म्हणून नफ्याची स्पर्धा भेदभाव हळूहळू झिजवते, असा त्यांचा मुद्दा. त्यांच्या लिखाणात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ट्रामचं उदाहरण येतं. ट्राम कंपन्यांना गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे नको होते, खर्च वाढत होता. सरकारी कायद्यानं ते लादले. उदाहरण खरं आहे. पण मुंबईच्या गिरण्या आठवा. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे घेत नसत. आणि पगार तर तिथेच जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तिथे कुठला सरकारी कायदा नव्हता. मालकाला नफा हवाच होता, पण शेजारच्या साच्यावरचा कामगार उठून गेला असता तर साचे बंद पडले असते. विटाळ जेव्हा सगळ्यांचाच असतो, तेव्हा तो पाळण्यात मालकाला तोटा होत नाही. या गोष्टीचा हिशेब सोवेल यांच्या मांडणीत मला सापडला नाही.

अमेरिकेच्या प्रकरणातला त्यांचा सगळ्यात जोरकस आकडा असा : १९४० मध्ये ८७ टक्के कृष्णवर्णीय गरीब होते, १९६० पर्यंत ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याआधीच मोठी झेप घेतली गेली होती, आणि ती लोकांनी स्वतःच्या कष्टानं घेतली. कष्ट त्यांचेच, यात शंका नाही. दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे लाखो कुटुंबं निघाली. पण जून १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंशभेद करायला मनाई करणारा हुकूम काढला, तो फिलिप रँडॉल्फ या कामगार पुढाऱ्यानं वॉशिंग्टनवर मोर्चा आणण्याचा इशारा दिल्यावर. दार उघडं मिळालं नाही, ते ठोठावून उघडावं लागलं होतं. सोवेल कष्ट ठळक करतात आणि ठोठावणं पुसट करतात.

हाच माझा 'संस्कृती' या त्यांच्या आवडत्या शब्दाबद्दलचा आक्षेप. प्रत्येक समाज आपापली कौशल्यं, सवयी, शिक्षणाची ओढ घेऊन येतो, त्यामुळे सगळीकडे सारखा वाटा असेल अशी अपेक्षाच चूक, असं ते सांगतात. मला यात अपमान वाटला नाही. आमच्यात शिक्षणाची ओढ आहेच, तीच आमची कमाई. पण ती आली कुठून? १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे वडील चौदा वर्षांचे होते, आजोबांचा हात धरून दीक्षाभूमीवर उभे होते. आजोबांना अक्षर येत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव काढले आणि तिथे वडिलांची पाटी-पुस्तकं ठेवली. वडील मॅट्रिक झाले, भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, जी १९४४ पासून सुरू होती. एक पत्र्याची पेटी घेऊन ते वसतिगृहात गेले, शिक्षक होऊन बाहेर पडले. एका पिढीत घराची संस्कृती बदलली. चळवळीनं ती घडवली, आणि सरकारी शिष्यवृत्तीनं तिला पाय ठेवायला जागा दिली. यातलं एक काढून दुसरं तोलता येत नाही. पेटी अजून माझ्या पलंगाखाली आहे.

श्रीलंकेचं प्रकरण प्रत्येकानं वाचावं, मग तो कुठल्याही बाजूचा असो. १९४८ मध्ये स्वतंत्र झालेला, शांततेसाठी नावाजलेला देश. १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा, मग विद्यापीठ प्रवेशात तमिळ मुलांना मागे ढकलणारे नियम, आणि १९८३ पासून यादवी. पण तिथे सवलत बहुसंख्याकांनी स्वतःला दिली होती, मलेशियातही तसंच. अस्पृश्यांच्या आरक्षणाशी त्याची सांगड घालताना हा फरक सतत डोळ्यांपुढे हवा. मुंबईतल्या भूमिपुत्रांच्या चळवळीचं वर्णनही भारताच्या प्रकरणात येतं, आणि मला वाटतं श्रीलंकेशी तुलना करायची तर ती त्या चळवळीशी जास्त जुळते. नायजेरियाच्या प्रकरणातून माझ्या हाती फारसं काही लागलं नाही.

तात्पुरती म्हणून सुरू झालेली धोरणं कधी संपत नाहीत, हाही त्यांचा एक मुद्दा. आपल्याकडे तो वाचणारा लगेच "दहाच वर्षांसाठी होतं ना" म्हणतो. दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या मूळ कलम ३३४ मध्ये होती, पुढे ती वाढवत नेली गेली, आणि ती लोकसभा-विधानसभेच्या जागांपुरती. नोकऱ्यांच्या कलम १६(४) ला मुदत नाही.

एक गोष्ट मात्र या पुस्तकात कुठेच नाही. १९८७ मध्ये मी शाखेत रुजू झालो, तेव्हा पाण्याच्या माठाशेजारी स्टीलचे सहा पेले असायचे. आठवडाभरात एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं स्वतःचा पेला घरून आणला आणि टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवू लागला. दिवसातून चार वेळा किल्लीचा आवाज यायचा. तो काही बोलला नाही, मीही नाही. अकरा वर्षांनी त्याच माणसाच्या मुलीचं शैक्षणिक कर्ज माझ्या सहीनं मंजूर झालं, आणि त्या दिवशी त्यानं माझ्यासमोर माठातलं पाणी सगळ्यांच्या पेल्यातून घेतलं. मी त्या खुर्चीवर बसलो नसतो तर हे झालं नसतं. उत्पन्न, गुण, प्रवेश यांच्या तक्त्यात याला रकाना नाही. सोवेल इतके मोजणारे गृहस्थ, हार्लेममध्ये वाढलेले. त्यांनी हा रकाना सोडून द्यावा याचं मला वाईट वाटतं.

पाचपैकी साडेतीन तारे. आरक्षण हवंच म्हणणाऱ्यांनी जरूर वाचा, भारताच्या प्रकरणापासून सुरुवात करा. फोटो पाठवणाऱ्यांनीही वाचा, पण अख्खं. त्यातली भारताची माहिती २००४ च्या आधीची आहे, हे लक्षात ठेवून.

माझी प्रत सध्या घरी नाही. आमच्या संघटनेतल्या मोजक्या मातंग सभासदांपैकी एकाची मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, तिनं नेली. परवा फोन आला : "काका, ती सभासदांची वहीपण द्याल का?" रविवारी ती येणार आहे.