जुना आय-थ्री, लिनक्स मिंट आणि फायरफॉक्स: काही महिने वापरल्यावर

लॅपटॉप 2011 च्या सुमाराचा. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, 4 जीबी रॅम, आत विंडोज 7. क्रोमने 109 या आवृत्तीनंतर विंडोज 7 ची साथ सोडली आणि विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, अधिकृतपणे चालत नाही. इंदूरच्या सिल्वर मॉलमधल्या दुकानदाराने झाकण उघडायच्या आतच निकाल दिला, "भिया, इसको तो अब निकाल ही दो." त्याच्याकडूनच एक एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घेतली आणि घरी येऊन विंडोजऐवजी लिनक्स मिंट 22 या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. उन्हाळ्यापासून हे मशीन रामबागेत आत्याकडे आहे. इंदुरात राहून पुण्या-मुंबईचे पेपर रोज वाचायचे तर ऑनलाइनच. तिचं मुख्य काम तेवढंच. शिवाय कीर्तनं आणि कधीमधी बँक.

एसएसडीचं कौतुक खरं आहे, पण अर्धंच. मशीन पटकन सुरू होतं, लिब्रेऑफिसही लगेच उघडतं. बातम्यांच्या साइट मात्र होत्या तशाच रखडायच्या, कारण तिथे अडतं ते डिस्कवर नव्हे. पानाबरोबर आलेली जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारा कोड) वाचायची, मशीनच्या भाषेत आणायची, चालवायची, हा सगळा भार प्रोसेसरवर, त्यातही बराचसा एकाच कोअरवर. त्यात 2018 मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी उघड झाली, जिच्यामुळे एका साइटला दुसरीचा डेटा चोरून वाचता येऊ शकतो, आणि ब्राउझर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस, म्हणजे मेमरीत स्वतंत्र जागा, देऊ लागले. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, पण बातमीच्या पानात चार परक्या जाहिरातींच्या चौकटी असल्या तर त्यांनाही पाहुण्यांसारखी स्वतंत्र खोली द्यावी लागते. 4 जीबीत किती खोल्या काढणार? शिफ्ट-एस्केप दाबून फायरफॉक्सची प्रोसेस-यादी पाहिली की कोण किती खातंय ते दिसतं. बातमीपेक्षा जाहिरातीच जास्त खातात.

खरा फरक पडला तो युब्लॉक ओरिजिनने, म्हणजे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेंशनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने). क्रोमने एक्स्टेंशनची जुनी पद्धत बंद केल्यापासून तिथे त्याची 'लाइट' आवृत्तीच उरली आहे. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं, म्हणून फायरफॉक्स. एवढ्याने पंख्याचा आवाज थांबला. मग त्याच एक्स्टेंशनमधून दोन पेपरांची जावास्क्रिप्टच बंद केली. एकाचा मजकूर क्षणात समोर येतो, फक्त फोटो गायब, कारण ते स्क्रिप्टच्या भरवशावर उशिरा येतात. दुसऱ्याचं पान पांढरंफटक! साधा मजकूर दाखवायलाही ज्यांना स्क्रिप्ट लागते, त्यांच्याबद्दल काय बोलावं?

मराठी वाचकांनी आणखी एक करून पाहावं: बाहेरून येणारे फॉन्ट अडवणे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते आणि बातमीच्या साइट दोन-तीन वजनांचे (बारीक-जाड) फॉन्ट पाठवतात. ते अडवले की मजकूर सिस्टिमच्या फॉन्टात दिसतो. तोटा असा की काही बटणांच्या जागी चौकोन येतात आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसेल तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. "हा ल आपला नाही रे," आत्या म्हणाली. तिच्या आवडत्या पेपरापुरते फॉन्ट परत सुरू केले.

व्हिडिओचं गणित वेगळं. यूट्यूब व्हिडिओ सहसा व्हीपी-9 किंवा एव्ही-1 या नव्या पद्धतींनी दाबून पाठवतं. या पिढीच्या ग्राफिक्समध्ये ते उलगडायची सोय नाही, म्हणून सगळं काम प्रोसेसरवर येतं. एच-264 या जुन्या पद्धतीची सोय मात्र आहे. यूट्यूबकडे एच-264 च मागणारं एक छोटं एक्स्टेंशन टाकलं आणि 720 च्या रेझोल्यूशनवर कीर्तन न अडखळता चालतं. 1080 चा हट्ट आम्ही धरला नाही.

बँकेसाठी फायरफॉक्सचं वेगळं प्रोफाइल (स्वतंत्र सेटिंग आणि एक्स्टेंशनचा संच) ठेवलं आहे, त्यात काहीही अडवलेलं नाही. हळू चालतं, पण मध्येच फॉर्म फसत नाही.

रॅम 8 जीबी करावी का? एका वेळी तीन-चार टॅब उघडणाऱ्याला गरज नाही. दहा-पंधरा उघडे ठेवणाऱ्याने आधी रॅमच घ्यावी. व्हिडिओ मीटिंगसाठी मात्र हे मशीन कोणाला सुचवणार नाही: चेहरे अडकतात, आवाज मागे पडतो आणि पंखा मिक्सरशी स्पर्धा करतो. आत्या नातवाशी फोनवरूनच बोलते. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर डाव्या बाजूची बिजागरी टिकायला हवी, ती आत्ताच कुरकुरते.