रजिस्टर लग्न: सेवा चोख, नडतो तो फलक

‘कोर्ट मॅरेज’ कोर्टात होत नाही. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली ते जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते ती आधीच लागलेल्या लग्नाची नोंद. ते प्रकरण वेगळं. धर्म न बदलता, जात न विचारता लग्न लावून देणारी सरकारी सेवा म्हणून हिला पैकीच्या पैकी द्यायला हवेत. पण मधे नोटीस येते, म्हणजे लग्न करणार असल्याची जोडप्याने अधिकाऱ्याला द्यायची लेखी सूचना.

दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग किमान 30 दिवस वास्तव्य हवं. मुलगा 21, मुलगी 18 पूर्ण. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, घटस्फोटितांना हुकूमनाम्याची प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी: शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. हे आधी निस्तरा.

नोटीस कार्यालयाच्या फलकावर 30 दिवस लावलेली असते. पुण्यात नोकरी आणि कायमचं घर लातूरला असेल, तर प्रत लातूरलाही जाते नि तिथल्या फलकावर लागते. घरच्यांना नकळत लग्न करू पाहणारी जोडपी इथेच उघडी पडतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021मध्ये नोटीस लावणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं, पण तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांना बंधनकारक नाही.

हरकत कोणीही घेऊ शकतो. कारणं मात्र मोजकीच: आधीचा जोडीदार हयात, वय कमी, मनाने संमती देण्याची क्षमता नसणं, निषिद्ध, म्हणजे कायद्याने लग्नाला मनाई केलेलं जवळचं नातं. ‘जात वेगळी’, ‘आम्हाला मान्य नाही’ याला कायद्यात जागा नाही. अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा. खोडसाळ हरकतीला भरपाई जास्तीत जास्त 1000 रुपये. 1954 साली ही रक्कम जरब बसवत असेल, आज त्यात धड एक पंगत उठत नाही.

नोटीस 1 जूनला दिली तर तारीख जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंतच धरा. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. दोन आले नि तिसरा ट्रॅफिकमध्ये अडकला तर काम थांबतं. मंत्र नाहीत. ‘मी हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ अशा अर्थाचं वाक्य दोघांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत म्हणायचं, की झालं. सह्या करण्याआधी प्रमाणपत्रावरचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा.