किंग्स्टन-रॉकी हिल लूप: सपाट, सावलीचा आणि बाबांनी पास केलेला

आईबाबा पुण्याहून आलेत तेव्हापासून दर शुक्रवारी रात्री एकच प्रश्न, उद्या न्यायचं कुठे. न्यूयॉर्क झालं, मंदिर झालं, आउटलेट मॉल तर दोनदा झाला. आईचा गुडघा चढ दिसला की कुरकुरतो आणि बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड, त्यांना मॉलमधल्या बाकावर बसवलं की अर्ध्या तासात "निघूया का" सुरू. मग आठवलं की न्यू जर्सीत आपल्या प्रिन्स्टनच्या बाजूला एवढा डी अँड आर कनाल पडलाय (डेलावेअर अँड रॅरिटन, पण पूर्ण नाव कोणी घेत नाही), तिथे चढ नावाला पण नाही.

आम्ही केला तो किंग्स्टन ते रॉकी हिल आणि परत, असा साधारण पावणेचार मैलांचा लूप, म्हणजे सहा किलोमीटर. लूप आहे हे महत्त्वाचं, कारण कनालवर बाकी बहुतेक ठिकाणी जाऊन त्याच वाटेने परत यावं लागतं. इथे जाताना तुम्ही टोपाथवर असता, जिथून पूर्वी खेचरं दोर लावून बोटी ओढायची, आणि येताना पलीकडच्या काठाने, जिथे नंतर रेल्वे होती. रूळ गेले, सपाट पट्टी राहिली. म्हणजे जाताना खेचराच्या चालीने जा आणि येताना गाडीच्या, आणि ज्या रेल्वेमुळे शेवटी या कनालचा धंदा बसला ती त्याच्या इतकी शेजारी होती हे नकाशात बघून कळत नाही, चालताना कळतं.

गाडी रूट 27 च्या पुलाजवळ लावली. शनिवारी साडेनऊला पोचलो तर पार्किंग फुल, दोन चकरा मारल्या तेव्हा एक जागा मिळाली, त्यामुळे लवकर जा. तिथेच मिलस्टोन नदीवर जुना दगडी कमानींचा पूल आहे, 1798 चा, आता फक्त पायी जायला. त्यावर दगडात कोरलंय, फिलाडेल्फिया 45 मैल, न्यूयॉर्क 50 मैल. बाबा त्या दगडापाशीच दहा मिनिटं, आणि आम्ही अजून चालायला सुरुवातही केली नव्हती.

मग लॉक, म्हणजे बोटी वर-खाली करायला बांधलेली दारांची दगडी कोठी. बाबांनी रेलिंगला टेकून आत बघितलं, दगडी भिंतींच्या मधून पाणी धो धो खाली पडतंय, आणि पहिला प्रश्न, "हे चालू आहे?" म्हटलं बोटी 1932 नंतर बंद, पण पाणी अजून डेलावेअर नदीतून येतं आणि मध्य जर्सीतल्या लाखो लोकांच्या नळाला जातं. हे ऐकल्यावर माणूस खूश. टोपाथवर पाऊल ठेवलं तर म्हणाले, "अगं हा तर आपला सेवापथ!" (कालव्याच्या काठाने देखभालीसाठी असतो तो रस्ता.) पुढचा मैलभर गळती कुठे दिसते का याची पाहणी, आणि 2018 ला दांडेकर पुलापाशी मुठा कालवा फुटला त्याची साद्यंत कथा, जी आम्हाला पाठ आहे.

मी सांगितलं की मुख्य कनाल 44 मैलांचा, बॉर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत, 1830 ते 34 मध्ये खणला आणि बहुतेक काम हाताने, आयरिश मजुरांनी, मध्ये 1832 ला कॉलरा आला त्यात बरेच गेले. बाबा थोडं गप्प चालले. मग म्हणाले, "सत्तर किलोमीटर चार वर्षांत. आमच्याकडे भूसंपादनातच गेली असती."

रस्ता बारीक खडीचा, स्ट्रॉलर चालतो, आईला काठी लागली नाही. एका बाजूला कनाल, दुसऱ्या बाजूला खाली नदी, वर झाडांचं छत. पाण्यात पडलेल्या ओंडक्यावर कासवं, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, एकात एक बसणारे डबे ओळीने मांडावेत तशी. आई तिथेच थांबून मोजत बसली, सात झाली. एक डायव्हिंग करून गेलं तर म्हणे आता परत मोजायला पाहिजे.

सायकलवाले मात्र भरपूर. मागून "ऑन युवर लेफ्ट" ओरडतात म्हणजे ते डावीकडून येतायत, आपण उजवीकडे राहायचं. बाबांनी लेफ्ट ऐकलं आणि इमानदारीत लेफ्टलाच सरकले. तीनदा. घरच्यांना आधीच समजावून न्या.

रॉकी हिलला रूट 518 च्या पुलावरून कनाल ओलांडायचा, तिथे गाड्या जोरात जातात, मुलांचा हात धरा. परतीचा रेल्वेचा काठ जरा कंटाळवाणा, खरं सांगते, पाणी झाडांआडून दिसतं आणि पाट्या कमी. पण याच बाजूने फाटा फुटून रॉकिंगहॅमला जाता येतं, जॉर्ज वॉशिंग्टन (पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला तो) 1783 मध्ये राहिला होता ते घर, सैन्याला निरोपाचा संदेश त्याने इथूनच लिहिला. शेजारच्या खाणीपायी वगैरे ते घर आख्खं तीनदा हलवलंय! आईने फाटा बघितला, चढ बघितला, "तुम्ही या जाऊन." कोणीच गेलं नाही. त्याऐवजी झाडाखाली बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासचा चहा.

सूचना म्हणून दोन-चार. टिक्स (गोचिडी) असतात, लांब मोजे घाला आणि घरी आल्यावर पाय तपासा, आणि तीन-तीन पानांच्या वेलीला हात लावू नका, पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की खाज सुटते, आईला ती घेवड्याची वाटली होती. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका, नदी वर येते, 2021 च्या आयडा वादळात टोपाथची बरीच वाट लागली होती. टॉयलेटच्या भरवशावर पण राहू नका, घरून जाऊन या. आम्हाला थांबत-थांबत अडीच तास लागले, नुसतं चालाल तर दीडमध्ये होईल.

पाचपैकी चार. एक कापला तो पार्किंगचा. बाबांनी गाडीत बेल्ट लावता लावता विचारलं, याच्या पुढचं लॉक कुठे? ग्रिग्जटाउनला. पुढचा शनिवार बुक झाला, आईने आत्ताच सांगितलंय की पुऱ्या करून देईन, पण कासवं असतील तरच येईन.