अर्ध्या तासाच्या फिजिओसाठी आख्खा दिवस: आठ महिने ओपीडी केल्यानंतर

कापसाच्या बंडीवरून पडलो त्याला दहा महिने झाले. पाठीतला डी१२ चा मणका मोडला, कमरेखालचं काही कळत नाही. दाखल होतो तोवरचा खर्च महात्मा फुले योजनेत निघाला. सुट्टीच्या कागदावर लिहून दिलं, फिजिओ ओपीडी, म्हणजे दाखल न होता येऊन-जाऊन व्यायाम-उपचार, आठवड्यातून तीनदा. हॉस्पिटल गावापासून ६२ किलोमीटर!

दिव्यांगाला एसटीत ७५ टक्के सूट आहे, पण पायऱ्या कोण चढवणार? दोनदा भावानं अन् काकानं उचलून चढवलं. मग गावातली भाड्याची इको गाडी धरली, एका खेपेचे २,२०० रुपये. १०८ तातडीच्या पेशंटसाठी असते, तारखेला न्यायला येत नाही. तीनदाचं एकदा झालं, मग पंधरवड्यातून. पेरणीच्या दिवसांत दीड महिना गेलोच नाही, घरासमोरच्या काळ्या चिखलात व्हीलचेअरची चाकं रुतून बसतात.

तिथं कॅलिपर (पायाला बांधायचे आधार) घालून पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून, उभं केलं की बरं वाटायचं, पण घरी बार कुठून आणू? खरी कामाला आली ती एक फळी. फिजिओच्या मॅडमनी बायकोला समोर उभं करून फळीवरून खुर्चीत सरकायला शिकवलं, मोबाईलवर शूटिंगही करू दिलं. घरी आलो तर नेवारीची बाज मधोमध झोल खाते, सरकताच येईना. मग सुताराकडून लाकडी पलंग खुर्चीच्या उंचीचा करून घेतला अन् अडीच फुटाची सागवानी फळी गुळगुळीत घासून घेतली. आता बायको एकटी मला उठवते.

चुका माझ्याही झाल्या. रस्त्यात लघवीची नळी टाकायला आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचो. लघवीत इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला. नवतपात खुर्ची उन्हात राहिली होती, तापलेल्या फुटरेस्टवर अनवाणी पाय टेकला. संध्याकाळी पाय धुताना बायकोला फोड दिसला, मला पत्ताच नव्हता. ती जखम भरायला दोन महिने लागले. दर वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे मात्र अलार्म लावून पाळलं. बेडसोअर (दाबानं होणारी जखम) नाही.

नवीन कोणी असेल तर पहिल्याच दिवशी घरचा व्यायाम लिहून मागा, घरातल्या माणसाकडून तिथंच करून घ्या. आपल्या पलंगाचा, दाराचा, संडासाचा फोटो दाखवा. मी हे पाचव्या महिन्यात केलं, तोवर इकोत बरेच पैसे गेले होते.

पुढची तारीख नेमकी सोयाबीनच्या सवंगणीत आली आहे. इको मिळेल, उचलायला माणूस मिळतो का ते बघतो.